‘सर्व्हर डाऊन’ हे कारण नव्हे

बँकेची खिडकी असो, रेशनचे दुकान असो वा महाविद्यालयातील प्रवेशाचे टेबल असो, ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे पलीकडून सांगण्यात आले की रांगेतली माणसे निमूटपणे पांगतात. ‘का?’ असे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘वरूनच बंद आहे’ एवढे उत्तर मिळते. पाऊस पडावा तसा सर्व्हर डाऊन होतो, अशी आपली समजूत झाली आहे. पावसामागे मोसमी वारे असतात हे आपण मुलांना शिकवतो. सर्व्हर बंद पडण्यामागेही कारण असते, ते शोधता येते आणि शोधण्याची एक रीत असते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

‘झाड का वाळले?’ या प्रश्नाला ‘ते सुकले म्हणून’ असे उत्तर कोणी लिहिले तर आपण गुण देणार नाही. ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर त्याच जातीचे आहे. त्यात घटनेचे नाव आहे, कारण नाही. वाईट असे की यंत्रे दुरुस्त करणारेही पुष्कळदा याच उत्तरावर थांबतात आणि कारण न शोधताच उपाय करू लागतात. या सवयीची परीक्षा करण्यासाठी आम्ही एक विशिष्ट बिघाड निवडला आहे: सामाईक लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांचे न जुळल्यामुळे मेल सर्व्हरची सेवा कोसळणे. हा बिघाड निवडण्याचे कारण असे की त्यात मोडलेला भाग शोधू गेले तर एकही सापडत नाही.

एका वाक्यात पाच बिघाड

समजा, शिवडीत दोन-तीन शाळा चालवणारी एक संस्था आहे. शिक्षकांच्या ई-मेलसाठी तिने कार्यालयातच एक मेल सर्व्हर ठेवला आहे. सोमवारी सकाळपासून कोणालाच मेल येत नाही. आता ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांत निदान पाच निरनिराळ्या अवस्था दडलेल्या असू शकतात. संगणकच बंद असेल. संगणक चालू, पण बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी तुटली असेल. जोडणी ठीक, पण मेल स्वीकारणारी आज्ञावली बंद पडली असेल. आज्ञावली चालू, पण डिस्क भरल्यामुळे पत्र ठेवायला जागा नसेल. किंवा हे सारे ठीक असून संस्थेच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी डीएनएस ही यंत्रणा चुकीचा पत्ता देत असेल.

शिक्षकाला दिसणारे लक्षण पाचही वेळा एकच: मेल नाही. ताप हिवतापातही येतो आणि विषमज्वरातही येतो. म्हणून डॉक्टर रक्त तपासतात. इथेही प्रत्येक शक्यतेसाठी साधी चाचणी आहे आणि ती काही मिनिटांत होते. आपल्या उदाहरणात असे धरू की संगणक चालू आहे, जोडणी शाबूत आहे, डिस्कवर भरपूर जागा आहे आणि पत्ताही बरोबर आहे. फक्त मेलची सेवा सुरू केली की क्षणात बंद पडते. संगणक आपल्या घडामोडींची जी नोंदवही ठेवतो, तिला लॉग म्हणतात. त्या लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसते: ‘सिग्नल ११ मुळे प्रक्रिया संपली’.

लिनक्स प्रणालीत सिग्नल ११ चा अर्थ ठरलेला आहे. आज्ञावलीने आपल्याला नेमून न दिलेल्या स्मृतीला हात लावला, म्हणून कार्यप्रणालीने तिला थांबवले. पण ही आज्ञावली तर कित्येक महिन्यांत कोणी बदललेली नाही. शनिवारपर्यंत नीट चालणारी आज्ञावली सोमवारी भलत्या जागेत का शिरली?

शिवडीच्या डोक्यावरची तार

मेलची आज्ञावली सगळी कामे स्वतः करत नाही. मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, तारीख-वेळ काढणे, वाटेत कोणी वाचू नये म्हणून पत्र सांकेतिक रूपात बदलणे ही कामे शेकडो आज्ञावल्यांना लागतात. ती एकदाच लिहून एका फाईलमध्ये ठेवतात आणि ज्याला हवी त्याने तिथून करून घ्यायची. या फाईलला सामाईक लायब्ररी म्हणतात. नावावरून पुस्तके घरी नेण्याचे ग्रंथालय डोळ्यांसमोर येते, पण ते चित्र इथे फसवे आहे. नेलेले पुस्तक आपल्याजवळ असते; ग्रंथालयाने नंतर काहीही बदलले तरी आपल्या हातातले पान बदलत नाही. लायब्ररीचे तसे नाही. दर वेळी आज्ञावली सुरू झाली की ती त्या क्षणी जी लायब्ररी तिथे असेल तिच्याशी जोडली जाते.

याला जवळचे चित्र शिवडी स्थानकातच आहे. फलाटावर उभे राहून वर पाहिले की हार्बर मार्गाची विजेची तार दिसते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातली विजेवर चालणारी पहिली गाडी याच मार्गावर, व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यापर्यंत धावली. त्या वेळी तारेत १५०० व्होल्टचा दिष्ट प्रवाह होता. तो ९१ वर्षे टिकला. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावर २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. बदल फायद्याचाच होता. दाब सुमारे १७ पट झाला की तेवढीच शक्ती पोचवायला प्रवाह सुमारे सतरावा हिस्सा पुरतो आणि तारेतला अपव्यय पुष्कळ कमी होतो.

पण फक्त १५०० व्होल्टच्या दिष्ट प्रवाहासाठी बांधलेली गाडी या नव्या तारेखाली आणून उभी केली असती तर? गाडीत दोष नाही, तारेत दोष नाही, तरीही गाडी चालणार नाही, उलट तिची हानी होईल. म्हणूनच मुंबईत हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. दोन्ही प्रकारच्या विजेवर चालू शकणाऱ्या गाड्या आणल्या गेल्या, केवळ दिष्ट प्रवाहावर चालणाऱ्या जुन्या गाड्या काढून घेतल्या गेल्या आणि मग तारेतली वीज बदलली.

आपल्या कल्पित संस्थेत हीच काळजी घेतली गेली नाही. शनिवारी कोणी तरी ग्रंथसूचीसाठी एक वेगळेच सॉफ्टवेअर बसवले. त्याने स्वतःच्या गरजेसाठी सामाईक लायब्ररीची नवी आवृत्ती आणली. मेलच्या आज्ञावलीला कोणी हात लावला नाही, पण तिच्या डोक्यावरची तार बदलली.

उपमेची मर्यादाही सांगितली पाहिजे. एका तारेत एका वेळी एकच प्रकारची वीज असते. संगणकावर मात्र एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या, नावापुढे वेगवेगळे आकडे लावून, शेजारी शेजारी ठेवता येतात, आणि तशा ठेवतातही. मग भांडण कुठे होते? पुष्कळदा ते एकाच आज्ञावलीच्या पोटात होते. मेलची आज्ञावली सांकेतिकीकरणासाठी एका लायब्ररीची जुनी आवृत्ती मागते. तीच आज्ञावली पत्त्यांची यादी वाचायला दुसरी एक लायब्ररी वापरते आणि ती दुसरी लायब्ररी पहिलीची नवी आवृत्ती मागते. आता एकाच स्मृतीत एकाच नावाची दोन कामे आली. हाक एकाला मारली आणि ओ दुसऱ्याने दिली, असा प्रकार होतो. जमाखर्चाच्या वहीत जुन्या कारकुनाने तिसऱ्या रकान्यात तारीख लिहावी आणि नव्याने ती रक्कम म्हणून वाचावी, तसे हे आहे. तो चुकीचा आकडा स्मृतीतला पत्ता म्हणून वापरला गेला की सिग्नल ११ यायला वेळ लागत नाही.

याबाबतीत काही आज्ञावल्यांचे वागणे आदर्श म्हणावे असे आहे. वित्से व्हेनेमा यांची पोस्टफिक्स ही मेल सर्व्हरची आज्ञावली १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. बर्कली डीबी नावाच्या लायब्ररीच्या ज्या आवृत्तीशी ती बांधली आणि चालताना जी आवृत्ती मिळाली, त्या दोहोंचे आकडे ती ताडून पाहते. ते जुळले नाहीत तर दोन्ही आकडे लॉगमध्ये लिहून ती स्वतःहून थांबते. असे थांबणे हा बिघाड नव्हे, तो इशारा आहे. अडचण लपवून रेटत राहणाऱ्या आज्ञावलीपेक्षा कारण सांगून थांबणारी आज्ञावली कधीही बरी.

चार नेहमीचे उपाय

अशा प्रसंगी जे उपाय सर्रास केले जातात ते एकेक पाहू.

पहिला उपाय, संगणक बंद करून पुन्हा चालू करणे. स्मृती भरून गेली असेल, एखादे काम अडकून बसले असेल, तर याने खरोखर फरक पडतो. परंतु लायब्ररीच्या बिघाडात पुन्हा चालू करणे हेच बऱ्याचदा बिघाड उघडकीला येण्याचे निमित्त असते. अखंड चालू असलेली आज्ञावली सुरुवातीला घेतलेली जुनी लायब्ररी स्मृतीत धरून ठेवू शकते. लायब्ररी मार्चमध्ये बदलली आणि जूनमध्ये वीज गेल्यामुळे संगणक पुन्हा चालू करावा लागला, तर सेवा जूनमध्ये कोसळेल आणि दोष विजेला दिला जाईल. ‘नंतर घडले म्हणून त्यामुळे घडले’ या चुकीच्या अनुमानाचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही.

दुसरा उपाय, सगळे पुसून नव्याने बसवणे. यानेही कधी कधी सेवा सुरू होते आणि म्हणूनच हा उपाय लोकप्रिय आहे. पण पुसताना लॉग जातो, जुन्या मांडणीच्या खुणा जातात, कारणाचा पुरावा नाहीसा होतो. एकदम वीस गोष्टी बदलल्यावर कोणत्या गोष्टीने गुण आला हे सांगता येत नाही. पुढच्या वेळी लायब्ररी बदलली की तोच बिघाड परत येणार आणि आपण पुन्हा तितकेच अडाणी असणार.

तिसऱ्या उपायावर आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. ‘अमुक आकड्याची लायब्ररी सापडत नाही’ असा संदेश आला की काही जण नव्या लायब्ररीलाच जुने नाव देऊन टाकतात. संदेश लगेच नाहीसा होतो. पण नावापुढचा मुख्य आकडा बदलणे म्हणजे ‘आमची कामाची रीत बदलली आहे’ अशी लायब्ररीच्या कर्त्यांनी दिलेली सूचना असते. २५,००० व्होल्टच्या तारेवर ‘१५०० व्होल्ट’ अशी पाटी लावण्यातला हा प्रकार आहे. सेवा लगेच कोसळली तर नशीबच म्हणायचे. ती चालू राहिली आणि पत्रांतला मजकूर गुपचूप बिघडू लागला, तर ते कळायला महिने जातील.

चौथा उपाय, ‘यापुढे कोणतीही सुधारणा बसवायचीच नाही’ असा नियम करणे. याला एप्रिल २०१४ मधला अनुभव पुरेसे उत्तर आहे. सांकेतिकीकरणाच्या ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीला आला. त्यातून सर्व्हरच्या स्मृतीतला गुप्त मजकूर बाहेरच्याला वाचता येत होता. ज्यांनी सुधारलेली लायब्ररी बसवून सेवा पुन्हा सुरू केल्या, त्यांच्याकडे ती वापरणाऱ्या सगळ्या आज्ञावल्यांतले ते भोक एकदम बुजले. सुधारणा बंद ठेवणाऱ्यांकडे ते उघडेच राहिले.

घाई कशाला?

या चारही उपायांमागे एक समर्थन असते: ‘वेळ नव्हता, मेल अडली होती.’ ते तपासून पाहण्याजोगे आहे. ई-मेल पोचवण्याचे नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिले. २००८ मध्ये सुधारलेल्या आवृत्तीत असे सांगितले आहे की समोरचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पाठवणाऱ्या सर्व्हरने पत्र रांगेत ठेवावे, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा आणि हा प्रयत्न निदान चार-पाच दिवस सोडू नये. दार बंद दिसले म्हणून पोस्टमन पत्र फाडून टाकत नाही, तसेच हे. सेवा दोन तास बंद राहिली म्हणून बाहेरून येणारी पत्रे सहसा हरवत नाहीत, उशिरा येतात. ज्यांना तातडी आहे त्यांना दूरध्वनी करावा आणि ते दोन तास कारण शोधण्यात घालवावेत.

१ जानेवारी २०२२ रोजी हेच जगभर दिसले. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांत पत्रे रांगेत अडकून पडली. मेलची आज्ञावली बिघडली नव्हती. पत्रे तपासणारा व्हायरसविरोधी घटक आपल्या आवृत्तीचा आकडा वर्ष, महिना, दिवस असा जोडून तयार करत होता. नव्या वर्षाचा आकडा झाला २२०१०१०००१. तो ज्या जागेत ठेवायचा ती ३२ बिटांची असून तिच्यात २१४७४८३६४७ हून मोठी संख्या मावत नाही. दोनाचा ३१ वा घात काढून त्यातून एक वजा केला की हीच संख्या मिळते. घटक सुरूच होईना आणि त्याच्यावाचून पत्रे पुढे सरकेनात. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली तेव्हा नव्या आकड्याची सुरुवात २११२३३ अशी होती, म्हणजे ३३ डिसेंबर २०२१! रांगेतली पत्रे नंतर पोचती झाली. मेल सर्व्हर पुसून नव्याने बसवणाऱ्याला इथे काहीच मिळाले नसते.

कारण शोधण्याचा क्रम

१. काहीही बदलण्यापूर्वी लॉगमधले शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. ‘काही तरी एरर आली’ ही नोंद नव्हे.

२. सेवा शेवटची नीट केव्हा चालली आणि त्यानंतर संगणकावर काय काय बदलले, याची यादी करावी. सॉफ्टवेअर बसवल्याच्या तारखा संगणक स्वतःच नोंदवून ठेवतो.

३. आज्ञावली कोणकोणत्या लायब्ररी मागते आणि प्रत्यक्षात कोणत्या ठिकाणची फाईल तिला मिळते, ते पाहावे. लिनक्सवर यासाठी एलडीडी नावाची आज्ञा आहे. एकाच लायब्ररीची दोन ठिकाणे वा दोन आकडे दिसले की संशयाला जागा मिळते.

४. संशयित बदलांपैकी एकच मागे घ्यावा आणि पुन्हा पाहावे. सेवा सुरू झाली तर तोच बदल पुन्हा करून ती परत कोसळते का, हेही शक्य तर दुसऱ्या संगणकावर तपासावे.

५. कारण पक्के झाल्यावर मेलची आज्ञावली नव्या लायब्ररीशी जुळवून बांधलेल्या आवृत्तीने बदलावी, किंवा दोन्ही आवृत्त्या वेगळ्या नांदतील अशी व्यवस्था करावी.

एका वेळी एकच चल बदलणे, बाकीचे स्थिर ठेवणे, निष्कर्ष उलट दिशेनेही पडताळणे: प्रयोगवहीत आपण जे लिहून घेतो तेच हे आहे.

मग दोष कोणाचा?

मुले हा प्रश्न विचारणारच, आणि त्याचे उत्तर सोपे नाही. २०१० च्या अखेरीस फेडोरा १४ ही लिनक्सची आवृत्ती आली, तेव्हा फ्लॅश प्लेअरमधून येणारा आवाज खरखरू लागला. ‘मेमकॉपी’ हे काम स्मृतीतल्या एका जागेतला मजकूर दुसऱ्या जागी उतरवते. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर येत असतील तर हे काम वापरू नये, असा नियम पहिल्यापासून लिहिलेला आहे. फ्लॅशने तो मोडला होता, पण जुनी लायब्ररी डावीकडून उजवीकडे उतरवत असल्यामुळे काही बिघडत नव्हते. नव्या लायब्ररीने वेग वाढवण्यासाठी काही प्रोसेसरांवर उजवीकडून डावीकडे उतरवायला सुरुवात केली.

हे फळ्यावर करून दाखवता येते. सहा चौकटी आखा. पहिली रिकामी, दुसरीपासून सहावीपर्यंत क, ख, ग, घ, च लिहा. प्रत्येक अक्षर एक घर डावीकडे उतरवायचे आहे. दुसऱ्या चौकटीपासून सुरुवात केली तर पहिल्या पाच चौकटींत क, ख, ग, घ, च असे बरोबर येते. सहाव्यापासून उलटे आलात तर आधी पाचवीत च येतो, तोच पुढे चौथीत उतरतो आणि शेवटी सगळीकडे च, च, च, च, च. काम तेच, नियम तोच, फक्त क्रम बदलला.

नियम फ्लॅशने मोडला, हे खरे. पण लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी उलट बाजू मांडली: वापरणाऱ्याच्या घरी कालपर्यंत चालणारी वस्तू आज बंद पडत असेल तर नियमाकडे बोट दाखवून त्याचे समाधान होत नाही. पुढे लायब्ररीच्या कर्त्यांनी जुन्या आज्ञावल्यांना सुरक्षित रीतीचे काम आणि नव्यांना वेगवान काम, असे एकाच नावाखाली दोन आवृत्त्या ठेवून मार्ग काढला. दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्यांसारखाच हा तोडगा म्हणायचा. दोषाचा निवाडा करण्याआधी जोडणीचा करार काय होता, तो कोणी वाचला होता आणि कोणी केवळ सवयीवर विसंबून होता, हे पाहावे लागते.

प्रत्येक आज्ञावलीने आपापली लायब्ररी बरोबर बाळगावी, हाही एक मार्ग आहे. डिस्क स्वस्त झाल्यापासून तो बराच रूढ झाला आहे. त्याने भांडणे मिटतात, पण हार्टब्लीडसारखा दोष निघाला की प्रत्येक प्रत वेगळी दुरुस्त करावी लागते. सोय आणि जोखीम यांचा हिशेब दोन्हीकडे असतो. तो विद्यार्थ्यांनीच मांडावा.

वर्गात काय करता येईल?

संगणकाच्या तासाला आपण बहुधा व्याख्या पाठ करून घेतो: सर्व्हर म्हणजे काय, सॉफ्टवेअर म्हणजे काय. बिघडलेला संगणक मात्र ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी लावून कोपऱ्यात ढकलतो. आमच्या मते तोच त्या खोलीतला सर्वांत उपयोगी संगणक आहे. त्याच्याशेजारी एक वही ठेवा. तीत चार रकाने आखा: काय दिसले, आधी काय बदलले होते, आम्ही कोणती एकच गोष्ट बदलली, त्यानंतर काय दिसले. आठवी-नववीच्या मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक पान भरू द्या. बिघाड सापडला नाही तरी चालेल. पुढचा गट आधीची पाने वाचून तिथून पुढे सुरुवात करील.